लिथियमच्या खाणीत पैसे घालायचे तर कुठल्या देशात?

साखळीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चवथीला मावसभाऊ आला होता. माटोळी बांधून झाली, नेवऱ्या खाऊन झाल्या, आणि त्याने मोबाइल काढला. २०२५च्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ऑस्ट्रेलियातले लिथियमवाले शेअर एकाच दिवसात भसकन वर गेलेले. कारण काय, तर चीनमध्ये यीचूनकडे सीएटीएल या बॅटरीवाल्या कंपनीची खाण बंद पडली. परवान्याची मुदत संपली, नवा हातात आला नव्हता. आई बाजूला नारळ खवत बसली होती. म्हणाली, "खाण बंद पडली म्हणून वर गेले? आमची बंद पडली तेव्हा तर आमचे टिप्पर खाली गेले."

आमचे दोन टिप्पर होते, डिचोलीच्या बाजूला खनिज ओढायचे. २०१८ नंतर एक भंगारात गेला, दुसरा मातीच्या भावाने विकला. असो. रस्त्यात गेलेल्या जागेचे पैसे आले आहेत, त्यातले १२ लाख मी पाच-सात वर्षं विसरू शकतो. विजेच्या गाड्या वाढणार, लिथियम लागणार, इतपत मला कळतं. पण घालायचे कुठे? ऑस्ट्रेलियाचा दगड, चिली-आर्जेंटिनाचं खारं पाणी, की आपलं काश्मीर? की सगळ्या कंपन्यांच्या शेअरची मोट बांधलेला एखादा ईटीएफ? जाणकारांनी सांगावं. "एफडी कर" हे बायकोने सांगून झालं आहे.

पोदेर

खाणीत पैसे घालणे म्हणजे खड्ड्यात घालणे. यात कुठलाही अलंकार नाही.

कोथरूडकर

परदेशात कशाला जाता? २०२३च्या फेब्रुवारीत रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियम सापडलं. सरकार मागे आहे, मागणी घरातच आहे. भारतातलेच शेअर घ्या आणि निवांत बसा.

केप्यातला_भूशास्त्री

कोथरूडकर, राग मानू नका, पण तुमच्या एका वाक्यात तीन गोष्टींचा काला झालाय. मी २९ वर्षं लोखंडाच्या खाणीत ग्रेड (दगडात धातू किती टक्के ते) मोजण्यात घालवली, म्हणून जरा लांबण लावतो.

सलाल-हैमना भागातले ते ५९ लाख टन 'अनुमानित' साठ्यात मोडतात, आपल्या वर्गवारीत जी-३. म्हणजे थोडी भोकं पाडली, नमुने तपासले आणि मधल्या जागेचा अंदाज बांधला. त्यातून किती काढता येईल आणि काढणं परवडेल का, हे प्रश्न त्याच्या पुढचे. शिवाय तिथलं लिथियम बॉक्साइट आणि मातकट थरांत आहे, ऑस्ट्रेलियासारखं स्वच्छ स्फटिकात नाही. अशा मातीतून मोठ्या प्रमाणावर लिथियम काढून नफा मिळवणं अजून कुणाला नीट साधलेलं नाही. रियासीचा ब्लॉक २०२३च्या नोव्हेंबरात लिलावाला काढला, तर तीनसुद्धा पात्र बोलीदार आले नाहीत आणि लिलाव रद्द करावा लागला. ज्यांच्या पोटात खाणधंदा आहे ते पुढे आले नाहीत, मग तुम्ही-आम्ही कशाला धावायचं?

छत्तीसगडचा कटघोरा ब्लॉक २०२४मध्ये गेला खरा, पण ७६.०५ टक्के प्रीमियमवर. म्हणजे खनिजाच्या किमतीतला तीन चतुर्थांश वाटा सरकारला. उरलेल्यात खोदाई, पगार, यंत्रं, कर्ज आणि नफा बसवायचा. आणि शेअरबाजारात 'लिथियमचे शेअर' म्हणून आपल्याकडे जे खपवतात, ते बहुतेक एक्साइड, अमरा राजा असे बॅटरीवाले. वाईट नाहीत, पण ते लिथियम विकत घेणारे आहेत, विकणारे नव्हेत. भाव चढला तर त्यांचा खर्चच चढेल!

कोथरूडकर

बरं, काला मान्य. मग दगड की पाणी ते तरी सांगा.

केप्यातला_भूशास्त्री

आगरवाड्याचं मिठागर पाहिलंय? चिलीच्या अटाकामात तोच प्रकार, फक्त डोळे पोचणार नाहीत एवढा मोठा. जमिनीखालचं खारं पाणी उपसून तळ्यांत सोडायचं आणि उन्हाला काम करू द्यायचं. आधी मीठ बसतं, मग पोटॅशची क्षारं, शेवटी उरतं ते लिथियमचं घट्ट पाणी. वर्ष-दीड वर्ष लागतं. खर्च कमी, कारण सूर्य बिल पाठवत नाही. पण भाव चढला म्हणून उद्या दुप्पट माल काढता येत नाही, तळी भरायलाच काळ जातो.

ऑस्ट्रेलियात स्पॉड्युमिन नावाचा दगड. फोडायचा, दळायचा, ६ टक्के लिथियम ऑक्साइडचा माल करून जहाजात भरायचा. असा सुमारे ८ टन माल भाजून (हजार अंशांच्या वर) आणि आम्लात शिजवून १ टन लिथियम कार्बोनेट मिळतं. हे भाजणं-शिजवणं बहुतेक चीनमध्ये होतं. आपलं लोखंड मुरगाव बंदरातून कुठे जायचं आठवतंय ना? गिऱ्हाईक तेच.

खाणीचाच दर्जा बघायचा तर पश्चिम ऑस्ट्रेलियातली ग्रीनबुशेस. १८८८पासून तिथे कथील काढत होते, आज जगातली सगळ्यात मोठी दगडी लिथियमची खाण. बाकीच्या खाणी १ ते दीड टक्क्याच्या दगडावर चालतात, तिथे दोनच्या आसपास मिळतो. भाव पडला की उंच ग्रेडवाला टिकतो, हे मी पिसुर्ल्यापासून कोडलीपर्यंत बघितलंय.

पोदेर

म्हणजे ऑस्ट्रेलिया खडीवाला आणि चिली मिठवाला. आता समजलं. भूशास्त्रीबाब, शाळेत तुम्ही असता तर मी विज्ञानात पास झालो असतो.

बार्जवाला

इथे सगळे ग्रेड-ग्रेड करतायत. माझं जरा वेगळं आहे.

२००७ला मी बार्ज घेतली, नदीतून खनिज ओढायला. बीजिंग ऑलिंपिकच्या आधीचे दिवस, चीनला लोखंड कितीही पुरत नव्हतं. ज्या मालाला आमच्या बापजाद्यांनी डंपवर टाकलं होतं, तोही उचलून जात होता. मांडवीत रात्रंदिवस बार्जांची रांग. बँकेचा माणूस स्वतः घरी येऊन विचारायचा, दुसरी कधी घेताय? दुसरी घेतली. सप्टेंबर २०१२मध्ये राज्य सरकारने काम थांबवलं, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. २०१४ला मर्यादा घालून परवानगी आली, आम्ही गंज खरवडून रंग काढला. फेब्रुवारी २०१८ला कोर्टाने ८८ लीजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरणच रद्द केलं आणि मार्चच्या मध्याला सगळं ठप्प.

आता मला सांगा, या सगळ्यात डोंगरातलं खनिज कमी झालं होतं का? होतं तिथेच होतं. ग्रेड तोच, नदी तीच, बार्ज तीच. गेला तो कागद.

म्हणून साखळीकर, खनिज कुठे आहे ते शेवटी बघ. लीजचा कागद कुणाच्या हातात आहे, किती वर्षांचा आहे आणि तो फाडायचा अधिकार कुणाला आहे, हे आधी बघ. तुझ्या मावसभावाने दाखवलेली चीनची गोष्ट तरी वेगळी काय आहे? परवान्याची मुदत संपली.

चिलीचं घे. एसक्यूएम या तिथल्या लिथियम कंपनीचा अटाकामातला करार २०३०ला संपत होता. एप्रिल २०२३मध्ये राष्ट्राध्यक्ष बोरिच यांनी जाहीर केलं की लिथियममध्ये सरकारचा वाटा मोठा राहणार. दुसऱ्या दिवशी एसक्यूएमचा शेअर जवळपास १८ टक्के आपटला. शेवटी कोडेल्को या सरकारी खाणकंपनीशी २०६०पर्यंतची भागीदारी ठरली, पण बहुमत कोडेल्कोचं. खाण चालणार, मालक बदलणार. त्याच तळ्यात दुसरी कंपनी अल्बमार्ल, तिचा करार २०४३पर्यंत आहे म्हणून तिला तेवढा घाम फुटला नाही. एकच पाणी, एकच ऊन, फरक कागदाचा. मेक्सिकोने तर २०२२मध्ये लिथियम सरळ राष्ट्राच्या नावावर करून टाकलं.

आणि काँगोचं मनोनो. कागदावर जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक. एव्हीझेड नावाची ऑस्ट्रेलियन कंपनी त्यावर बसली होती. मालकीचा वाद लागला, मे २०२२मध्ये शेअरचे व्यवहार थांबले ते परत सुरूच झाले नाहीत. २०२४मध्ये नावच बाजारातून काढलं. खनिज तिथेच आहे हां अजून.

कुळागर

बार्जवाला, सगळं पटलं, पण कागद फाटला का ते गाळलंत. सांग्यातल्या आमच्या कुळागराला येणारं झऱ्याचं पाणी लाल झालं होतं. भातशेतीत गाळ. पोरं शाळेत जाताना तोंडाला रुमाल. कोर्टाला स्वप्न नाही पडलं. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल होता, लोक वर्षानुवर्षं भांडत होते.

तेच तिकडे. अटाकामाच्या वाळवंटात गावातले लोक पाण्यासाठी भांडतायत. सर्बियात यादर खोऱ्यात रिओ टिंटो या बड्या खाणकंपनीच्या लिथियम प्रकल्पाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, जानेवारी २०२२ला सरकारला परवाने रद्द करावे लागले, २०२४ला परत दिले, आणि लोक परत रस्त्यावर. मला गुंतवणूक कळत नाही. पण ज्या गावाचं पाणी गेलं ते गाव गप्प बसत नाही, एवढं नफ्याच्या हिशेबात धरा.

बार्जवाला

कुळागरबाई, पाणी लाल झालं हे खरं. माझ्या बार्जचा हप्ता थकला हेही खरं. आपण दोघं एकाच खाणीचे बळी आहोत, फक्त तुम्ही वरच्या बाजूला आणि मी नदीत.

कुळागर

नदीतही गाळ तुमच्याच बार्जांतून पडत होता. :)

पोदेर

धागा लिथियमचा, भांडण लोखंडाचं. मी भजी-पाव घेऊन बसलोय, चालू द्या.

पर्थवासी

मूळचा कुडचड्याचा, सध्या पर्थ. लिथियमच्या खाणीवर मेकॅनिक आहे. दोन आठवडे रानात, एक आठवडा घरी, विमानाने ने-आण. बार्जवालेकाकांशी अर्धा सहमत. इथे लीजची भीती फारशी नाही, राज्य सरकार ५ टक्के रॉयल्टी घेतं आणि आपल्या वाटेने जातं. इथली भीती भावाची.

आकडे बघा. चीनमध्ये लिथियम कार्बोनेट २०२२च्या नोव्हेंबरात टनाला ६ लाख युआनच्या घरात होतं. २०२४ उजाडलं तेव्हा १ लाखाच्या आसपास. २०२५च्या जूनमध्ये ६० हजार. आमच्या दगडी मालाचा भाव ८ हजार डॉलरजवळ जाऊन हजाराच्या खाली आला. या काळात कँपमध्ये काय झालं सांगतो. २०२२ला जेवणाच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती, वेल्डर मागेल तो पगार घेत होता. २०२४च्या सुरुवातीला एका सकाळी कंत्राटदाराने आम्हा चाळीस जणांना उभं केलं आणि अर्ध्यांची नावं वाचली. माझं नाव दुसऱ्या अर्ध्यात होतं, म्हणून हे लिहितोय.

उत्तरेकडची फिनिस खाण पहिला माल पाठवून जेमतेम वर्ष झालं तेवढ्यात, जानेवारी २०२४मध्ये थांबली. लायनटाउन या लिथियम कंपनीची गंमत तर इथे चहाच्या टपरीवरही सांगतात (टपरी नाही इथे, पण समजून घ्या). २०२३मध्ये ती विकत घ्यायला अल्बमार्ल शेअरमागे ३ ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायला तयार होती. खाणसम्राज्ञी जिना राइनहार्ट यांच्या कंपनीने मध्ये पडून १९.९ टक्के हिस्सा घेतला, अल्बमार्लने काढता पाय घेतला, आणि तीनेक महिन्यांत शेअर १ डॉलरच्या आसपास. खाण उत्तम आहे, आज चालू आहे. पण ३ डॉलरने घेतलेल्याला त्याचं काय?

मोगरा_फोंडा

मध्येच विचारते. सोडियमच्या बॅटऱ्या येतायत म्हणे. मिठावर गाडी चालायला लागली तर हे सगळं लिथियम कुणाच्या डोक्यावर घालायचं?

पोदेर

मग आगरवाड्याचा भाव येईल. मी आजच एक आगर बुक करतो.

केप्यातला_भूशास्त्री

मोगराताई, प्रश्न रास्त. सीएटीएलने सोडियमची बॅटरी २०२१लाच जाहीर केली. पण तेवढ्याच वजनात ती वीज कमी साठवते, म्हणून आधी छोट्या गाड्या आणि साठवणुकीच्या टाक्यांसारख्या बॅटऱ्यांत शिरेल. मजा अशी, की लिथियम महागलं की सोडियमला दिवस येतात आणि लिथियम पडलं की सोडियमवाले बसतात. भावाच्या डोक्यावरचं छप्पर समजा. २०२२सारखे ६ लाख पुन्हा दिसतीलच, या हिशेबावर पैसे लावू नयेत ते त्यासाठी. आणि कुणी 'एलएफपी (लोह-फॉस्फेटवाल्या) बॅटरीत लिथियम नसतं' असं सांगितलं तर ऐकू नका. त्यात निकेल-कोबाल्ट नसतं, लिथियम असतंच.

कोथरूडकर

आमच्यासारखे हौशे चुकतात यात नवल नाही, पण वाचता वाचता एक सापडलं. चीनची तियानची ही कंपनी, ग्रीनबुशेसमध्ये मोठा हिस्सा, म्हणजे लिथियममध्ये मुरलेली. तिने २०१८मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलर मोजून एसक्यूएमचा २४ टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला, बराचसा कर्ज काढून. पुढच्याच वर्षी भाव पडले, कर्ज गळ्याशी आलं, आणि सावरायला ग्रीनबुशेसमधल्या आपल्या हिश्श्यातला वाटा ऑस्ट्रेलियाच्या आयजीओ कंपनीला विकावा लागला. सोन्याची कोंबडी वाचवायला सोन्याच्या कोंबडीचं तंगडं विकलं! धंद्यातल्याच लोकांना शिखर ओळखता आलं नाही. मी माझं काश्मीर मागे घेतो.

बार्जवाला

दुसरी बार्ज घेणारा मी एकटाच नव्हतो म्हणायचा. बरं वाटलं.

म्हापशेकरीण

पेशाने सीए. कुठे घालायचे ते सांगणार नाही, कसे जातील ते सांगते, कारण नोटिशी आल्यावर सगळे माझ्याकडेच येतात.

परदेशी शेअर घ्यायचे तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते. साखळीकरांनी १२ लाख एकदम पाठवले तर ४० हजार अडकतील. विवरणपत्रात परत मिळतात, पण तोवर तुमचे नाहीत. थोडे १० मार्चआधी आणि उरलेले २ एप्रिलनंतर पाठवा, प्रश्नच मिटला. अर्थात लीजसारखे हे नियमही बदलतात, पाठवायच्या आधी विचारा.

दोन वर्षांच्या वर ठेवून विकले तर नफ्यावर साडेबारा टक्के. अमेरिकेच्या लाभांशातून तिकडेच २५ टक्के कापून येतात, त्याची वजावट इथे मागता येते. आणि कृपा करून विवरणपत्रात 'परदेशी मालमत्ता' हे परिशिष्ट भरा. एक शेअर असला तरी भरा. 'एवढ्याशाचं काय सांगायचं' म्हणणारे तीन जण गेल्या वर्षी माझ्या ऑफिसात रडून गेले.

अल्बमार्ल आणि एसक्यूएम न्यूयॉर्कला मिळतात, आपल्याकडच्या ॲपवरून घेता येतात. ऑस्ट्रेलियाचा बाजार मात्र मोजकेच दलाल उघडून देतात.

साखळीकर

देव बरें करूं सगळ्यांना. ईटीएफबद्दल कुणीच बोललं नाही.

पर्थवासी

ग्लोबल एक्स या कंपनीचा 'लिट' हा त्यातला जुना, २०१०पासूनचा. पण नावात लिथियम आहे म्हणून फसू नकोस. त्यात खाणवाले आहेत तसे बॅटरीवाले आणि गाडीवालेही आहेत. एका अर्थी बरं आहे, लिथियम पडलं की बॅटरीवाल्यांचं फावतं, म्हणून हादरा कमी. पण 'मला खाणीतच पैसे घालायचेत' म्हणत असशील तर ही खाण नव्हे, मिसळ आहे.

आणि छोट्या कंपन्यांपासून लांब. एक यंत्र, दोन भोकं आणि रंगीत नकाशा एवढ्या भांडवलावर शेअर विकणाऱ्या इथे ढीगभर आहेत. उत्पादन सुरू आहे का, टनामागे खर्च किती, पडलेल्या भावातही रोख पैसा येतो का, एवढंच बघ.

बार्जवाला

आणि लीज.

पर्थवासी

आणि लीज, काका.

केप्यातला_भूशास्त्री

आर्जेंटिना राहिला म्हणून दोन ओळी. तिथे खनिज प्रांताच्या मालकीचं, त्यामुळे कातामार्का, साल्ता, हुहुय यांच्याशी वेगवेगळं जुळवावं लागतं. परदेशात खनिजं शोधणाऱ्या आपल्या सरकारी काबिल कंपनीनेही जानेवारी २०२४मध्ये कातामार्कातच पाच ब्लॉकांचा करार केला, १५,७०३ हेक्टर, खर्च सुमारे २०० कोटी. पण ते शोधकामापासून सुरू आहे आणि काबिल शेअरबाजारात नाही. रिओ टिंटोने मात्र २०२५मध्ये ६.७ अब्ज डॉलरला आर्केडियम ही लिथियम कंपनी विकत घेऊन तिथल्या चालत्या तळ्यांत पाय रोवला, तोही भाव तळाला असताना. मला विचाराल तर मोठे लोक कधी विकत घेतात त्याकडे लक्ष ठेवा, कधी भाषण करतात त्याकडे नको.

मोगरा_फोंडा

पण रिओमध्ये लिथियम म्हणजे ताटातलं लोणचं ना? जेवण तर लोखंडाचंच.

केप्यातला_भूशास्त्री

बरोबर. पण भात असेल तर लोणचं आंबलं तरी माणूस उपाशी राहत नाही.

कुळागर

सांग्याची बाई म्हणून एकच विचारते. साखळीकर, ज्या कंपनीत पैसे घालशील तिच्या खाणीशेजारी राहायला जाशील?

साखळीकर

कुळागरताई, मी आयुष्यभर खाणीशेजारीच राहिलोय. म्हणून तर प्रश्न विचारला.

दोन आठवड्यांनी परत आलो, ठरलं ते सांगतो. १२तले ८ लाख एफडीत, बायको जिंकली. ४ लाख लिथियमला, तेही चार वेळा करून, तीन-तीन महिन्यांनी. अर्धे ईटीएफमध्ये, अर्धे अल्बमार्लमध्ये. चिलीत २०४३पर्यंत कागद आहे आणि ग्रीनबुशेसमध्येही वाटा आहे, म्हणजे खडीही आली आणि मीठही. एसक्यूएम स्वस्त दिसते, पण ८८ लीजांच्या बातमीच्या दिवशी मी बाबांचा चेहरा बघितलाय. भाव अजून पडला तर उरलेले हप्ते भरायचं धाडस होईल का, ते तेव्हा कळेल.

मावसभावाने मात्र आर्जेंटिनातली कुठलीशी छोटी कंपनी घेतली. सगळे पैसे एकदम. टेलिग्रामवर कुणीतरी सुचवली म्हणे.

बार्जवाला

त्याला विचार, लीज कधी संपते?

साखळीकर

विचारलं. म्हणाला, "लीज? मी शेअर विकत घेतलेत रे, भाड्याने नाही."